टाळणे

गेल्या महिन्यात एकाच दिवशी आमच्या घरात एक इंग्रजी शब्द तीन वेळा कानावर पडला आणि तिन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा होता. सकाळी डॉक्टरांनी माझा रक्तदाब तपासून सांगितले, "लोणचे, पापड अव्हॉइड करा." दुपारी बुलढाण्यास निघालेल्या शेजाऱ्यांना कोणी सल्ला दिला, "परतायला रात्र झाली तर बोथ्याचा घाट अव्हॉइड करा. ज्ञानगंगेच्या जंगलातली अस्वले रस्त्यावर येतात." सायंकाळी महाविद्यालयात जाणारी माझी मुलगी एका मैत्रिणीविषयी आपल्या आईस सांगत होती, "ती समोरून आली तरी मी तिला अव्हॉइडच करते."

लोणचे, अस्वल आणि मैत्रीण! तिघांचीही वासलात एकाच क्रियापदाने लागलेली पाहून प्रथम मला हसू आले. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो शब्द पुन्हा आठवला, आणि मग हसू राहिले नाही. ते का राहिले नाही हे पुढे ओघाने येईलच.

मी भाषाशुद्धीचा कट्टर कैवारी नाही. स्टेशनला स्टेशन आणि डॉक्टरांना डॉक्टर म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही. परभाषेतील शब्द नव्या वस्तूचे नाव म्हणून येतो तेव्हा तो पाहुणा असतो, आणि पाहुण्याला नाही म्हणण्याची आपली रीत नाही. परंतु घरात आधीच नांदत असलेल्या दहा शब्दांना बाहेर काढून त्यांच्या जागी तो एकटा बसू लागला, म्हणजे घरातून काय काय गेले याची मोजदाद करणे भाग पडते. आणि हे दहा शब्द जर वागणुकीचे असतील, बऱ्यावाइटाची पारख करणारे असतील, तर त्यांच्याबरोबर ती पारखही जाण्याचा संभव असतो.

इंग्रजीतील या शब्दाचा पूर्वेतिहास मनोरंजक आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'रिकामे करणे' असा अर्थ आहे. पोकळ, रिता या अर्थाचा 'व्हॉइड' हा शब्द त्याच्याच कुळातला. जागा रिकामी करणे, तेथून निघून जाणे आणि शेवटी जवळच न जाणे असा त्या अर्थाचा प्रवास झाला. इंग्रजी कायद्याच्या भाषेत एखादा करार 'अव्हॉइड' करणे म्हणजे आजही तो रद्द करणे, निर्बल ठरविणे. इंग्रजांपाशी याच्या जोडीला दुसरे शब्द नाहीत असे मुळीच नाही. तिटकाऱ्याने दूर राहणे म्हणजे 'शन', तत्त्व म्हणून एखादी गोष्ट न स्वीकारणे म्हणजे 'एस्च्यू', चकवून निसटणे म्हणजे 'इव्हेड', अंगावरचे काम चुकविणे म्हणजे 'शर्क'. कायद्याच्या चौकटीत राहून कराचा बोजा हलका करणे हे 'अव्हॉइडन्स' आणि लपवाछपवी करून कर बुडविणे हे 'इव्हेजन', असा भेद तेथे विधिज्ञ करीत आले आहेत. तोही दरवेळी टिकत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली मॅक्डॉवेलच्या प्रकरणात निकाल देताना, फसव्या क्लृप्त्यांना करनियोजनाचे नाव देता येणार नाही असे सांगितले होते. तात्पर्य, इंग्रजीत हा शब्द एकटा नाही. एकटा पडला आहे तो आमच्या बोलण्यात.

आता आपल्या घरातील माणसे पाहू. मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या वर्षांत सिद्ध झाला. अशा कोशांचा उपकार मोठा. तथापि कोशात समानार्थी शब्द एका रांगेत, स्वल्पविरामांनी विभागलेले उभे असतात, आणि रांगेत उभे केले की सगळेच सारखे दिसू लागतात. त्यांची वजने वापरताना कळतात.

'वर्ज्य' घ्या. भूप रागात मध्यम व निषाद वर्ज्य आहेत, मालकंसात ऋषभ व पंचम. गाणारा हे स्वर भीतीने सोडीत नाही, की ते त्याला लावता येत नाहीत म्हणूनही सोडीत नाही. ते सोडल्यामुळेच भूप हा भूप होतो. वर्ज्य करणाराला काय सोडले हे ठाऊक असते, का सोडले हे ठाऊक असते आणि ते चारचौघांत सांगण्यास तो तयार असतो. एकादशीस अन्न वर्ज्य करणारी माझी आजी ती गोष्ट लपवीत नसे. किंबहुना न सांगता तिचे व्रत पुरेच होत नसे!

'पथ्य' हा शब्द याहूनही गोड आहे. आपण पथ्य 'करतो' त्यापेक्षा अधिक 'पाळतो'. आणि पाळणे हे क्रियापद आपण लेकरांसाठी, गाईगुरांसाठी, दिलेल्या शब्दासाठी वापरतो. डॉक्टरांनी मला लोणचे-पापड सोडावयास सांगितले ते पथ्य होते. 'अव्हॉइड करा' या शब्दांत ते नुसती मनाई होऊन आले. 'पथ्य पाळा' म्हणाले असते तर त्यात प्रकृतीची जोपासना आहे हे माझ्याही ध्यानात राहिले असते.

आमच्या जिल्ह्यात लोणारचे सरोवर आहे. उल्केच्या आघाताने काळ्या खडकात पडलेल्या त्या प्रचंड खळग्यातील पाणी खारे व क्षारयुक्त आहे. ते कोणी पीत नाही. पण त्याच खळग्याच्या कडेला गोड्या पाण्याची धार वाहते, आणि यात्रेकरू तेथे आंघोळ करून ते पाणी तोंडी लावतो. येथे खारे पाणी न पिणे यात कसलाही नैतिक प्रश्न नाही. ते निव्वळ शहाणपण आहे. बोथ्याच्या घाटातील अस्वलाचीही तीच गोष्ट. रात्री त्याच्या वाटेस न जाणे हे त्याच्याही हिताचे आणि आपल्याही.

परंतु लोणार सोडून उत्तरेस पूर्णेच्या खोऱ्यात उतरले म्हणजे याच गोष्टीला दुसरी बाजू दिसते. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला तो खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट. विहीर खणली तरी खारट आणि कूपनलिका घेतली तरी खारट. आमच्या जिल्ह्यातील जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतील कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी प्यायले आहे. ते अपायकारक आहे हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण जवळ लोणारसारखी गोडी धार नव्हती. तेव्हा एखादी गोष्ट टाळता येणे हीसुद्धा एक प्रकारची श्रीमंती आहे. ज्याच्यापाशी दुसरी वाट आहे तोच पहिली वाट टाळू शकतो. ही गोष्ट आपण सुस्थितीतली माणसे सहसा लक्षात घेत नाही.

आता स्वतः 'टाळणे'. याचे अकर्मक रूप 'टळणे', म्हणजे जागचे हलणे, सरून जाणे. दुपार टळते, वेळ टळते, संकट टळते. जे टळत नाही ते अटळ. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात, भोवती नाना धान्ये ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांची हालचाल पाहून पावसापाण्याचे व पिकांचे भाकीत सांगतात. शास्त्राच्या कसोटीस ते उतरो वा न उतरो, तेथे पहाटेच्या काळोखात कान टवकारून बसलेल्या शेतकऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो: यंदाचे टळेल काय? संकट 'टळले' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात कृतज्ञता असते. पण माणूस जेव्हा 'टाळतो', तेव्हा समोरचा प्रसंग आपोआप सरत नाही. तो त्याला जागचा हलवून दुसरीकडे ढकलतो. कोठे ढकलतो, हाच खरा प्रश्न आहे.

'चुकविणे' या शब्दात तर आपल्या पूर्वजांनी मोठीच गंमत करून ठेवली आहे. चूक आणि चुकविणे एकाच धातूची. आणि देणे फेडून मोकळे होण्यासही आपण हिशेब 'चुकता' करणे म्हणतो. म्हणजे सावकाराचे देणे चुकते करणारा आणि सावकाराची नजर चुकविणारा हे दोघेही शब्दाने एकाच घरचे! दोघांनाही त्या देण्यातून सुटावयाचे आहे. एक देऊन सुटतो, दुसरा न देता. त्यानंतर येतात ती 'टाळाटाळ', 'टोलवाटोलवी' यांसारखी जोडनावे. त्यांतील द्विरुक्ती अर्थपूर्ण आहे. नकार एकदा दिला की संपतो. टाळणे मात्र एकदा करून भागत नाही; आज टाळलेले उद्या पुन्हा दारात उभे राहते आणि पुन्हा टाळावे लागते.

हे सर्व मी शब्दकोशातून शिकलो असतो तर बरे झाले असते. दुर्दैवाने त्यातील मुख्य पाठ मला माझ्याच घराच्या ओट्यावर मिळाला, आणि त्याची फी दुसऱ्याने भरली.

माझा एक जुना स्नेही याच खारपाणपट्ट्यातल्या एका गावी शेती करतो. आम्ही खामगावास एकाच वसतिगृहात राहून शिकलो. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने वऱ्हाडातील कपाशीचे फार नुकसान केले. त्यात त्याचेही पीक गेले. पुढल्या वर्षीच्या जून महिन्यात, मृगाच्या तोंडावर, एके सायंकाळी त्याचा फोन आला: "उद्या येतो. थोडं काम आहे." काम कोणते ते मला न सांगता कळले. त्याची मुलगी त्या वर्षी बारावी झाली होती. तिला नर्सिंगला घालावयाचे त्याच्या मनात होते आणि फी भरण्याची मुदत संपत आली होती. पेरणीही तोंडावर होती. माझ्यापाशी पैसे नव्हते असे नाही. पण मी घराच्या मागल्या बाजूस दोन खोल्यांचे काम काढले होते आणि ते अर्धवट थांबविण्याची माझी तयारी नव्हती.

येथवर माझ्या हातून काही पाप झाले असे मला आजही वाटत नाही. प्रत्येक मागणाऱ्यास देणे हे कोणाही गृहस्थाला शक्य नसते. 'नाही' म्हणण्याचा मला अधिकार होता. पण तो अधिकार मी वापरला नाही. सकाळी साडेआठाच्या सुमारास तो फाटकापाशी दिसला, तेव्हा मी माडीवर गेलो, आणि जाता जाता पाचवीत शिकणाऱ्या माझ्या मुलीला म्हणालो, "काकांना सांग, बाबा बाहेरगावी गेलेत, केव्हा येतील माहीत नाही." तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि ती खाली गेली. माडीवरून मला तिचा आवाज ऐकू आला. तिने सांगितले तसे सांगितले, मग विचारले, "काका, पाणी आणू?" तो ओट्यावर बसला. मी खिडकी लोटून घेतली. दहा वाजले, अकरा वाजले, तो बसूनच होता. दुपार टळल्यावर तो उठला आणि गेला. त्या दिवशी मी जेवावयास तिसऱ्या प्रहरी खाली उतरलो.

त्यानंतर त्याने कधी फोन केला नाही. मीही केला नाही. एकदा टाळले म्हणजे पुन्हा टाळावे लागते हे वर म्हटलेच आहे. त्याच्या गावाकडील लग्नाचे आमंत्रण मी याच कारणाने दोनदा चुकविले, एकदा मोठ्या मुलाच्या लग्नाचे व एकदा धाकट्याच्या. चार वर्षांनी, २०२२ साली, शेगाव स्टेशनच्या फलाटावर तो अकस्मात समोर आला. वळून जाण्यास वाट नव्हती. त्यानेच हाक मारली, त्यानेच चहा सांगितला. मुलगी शिकून नर्स झाली, पुण्यास असते, असे सांगितले. मग फारसा आवाज न बदलता म्हणाला,

"त्या दिवशी तू माडीवर होता, मले माहीत आहे. खिडकी लोटताना तुहा हात दिसला होता."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. थोड्या वेळाने कसेबसे विचारले, "मग दुपारपर्यंत बसून का राहिलास?"

"म्हटलं, उतरशीन. निदान नाही सांगाले त उतरशीन." चहाचा घोट घेऊन तो पुढे म्हणाला, "नाही म्हटलं असतं, त मी दहाच्या गाडीनं मलकापूरले गेलो असतो. तिथं एक जण देणारा होता. मी गेलो तोवर तो नाशिकले निघून गेला. मंग बैलजोडी विकली. पेरणी भाड्याच्या बैलावर केली. झालं ते झालं, बाप्पा."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला अधिक लागले. गाडी आली आणि तो गेला.

त्या दिवसापासून मी टाळण्याविषयी विचार करीत आलो आहे, आणि मला जे उमगले ते एवढेच आहे. टाळणारा मनुष्य असे समजतो, की आपण नकाराचा कठोरपणा केला नाही. वस्तुतः त्याने नकार दिलेलाच असतो. फक्त तो उच्चारण्याचे, ओळखण्याचे आणि सोसण्याचे सगळे काम त्याने दुसऱ्याच्या माथी मारलेले असते. 'नाही' हा शब्द ऐकणारास दुखवितो, पण त्याच क्षणी त्याला मोकळेही करतो. तो उठून दहाची गाडी गाठू शकतो. टाळलेल्या मनुष्यास नकारही मिळत नाही आणि मोकळीकही मिळत नाही. त्याने ओट्यावर बसून आपल्या मित्राच्या मनातले स्वतः ओळखावयाचे, स्वतः त्यावर विश्वास ठेवावयाचा आणि स्वतःच उठून जावयाचे. मी माझी लाज वाचविली. तिची किंमत एका माणसाची एक सकाळ आणि एक बैलजोडी एवढी झाली.

जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथात एक उदाहरण दिले आहे. धनी नोकरास सांगून ठेवतो, की अमुक मनुष्य आला तर मी घरी नाही म्हणून सांग. नोकर तसे सांगतो. धनी मागल्या मागे निसटतो आणि बाहेर जाऊन घोर अपराध करतो. दारी आलेला मनुष्य त्याला धरावयास आला होता, त्याला खरे कळते तर तो अपराध टळता. येथे दोष कोणाचा, असे विचारून कांट नोकरासही त्यात धरतो. विलायतेत 'घरी नाही' हे वाक्य भेट नको असल्याचे सांगण्याची सभ्य रीतच होऊन बसले, आणि सर्वांनाच त्याचा अर्थ माहीत असल्याने त्याला फारसे कोणी असत्य म्हणेना. माझ्या बाबतीत ही पळवाट नाही. माझ्या मित्रास तो संकेत ठाऊक नव्हता. आणि माझा नोकर म्हणाल, तर ती माझी दहा वर्षांची मुलगी होती. कांटच्या न्यायाने तिलाही दोषी धरावे लागेल. मी तिला धरणार नाही. तिचा वाटाही माझ्याच खाती जमा करतो.

आपल्याकडे याचे सर्वांत थोर उदाहरण युधिष्ठिराचे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला हे खरे होते. शेवटला शब्द हळू उच्चारून त्याने असत्य टाळले. पण ज्याला ते ऐकावयाचे होते त्या द्रोणाचार्यांच्या वाट्याचे सत्यही त्याने टाळले. जमिनीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ तेव्हापासून भुईला टेकला, असे महाभारतकार सांगतात. माझ्यासारख्याचा रथ मुळात भुईवरच होता, म्हणून आवाज झाला नाही एवढेच.

यावर कोणी म्हणेल, की हा विचार फार कठोर आहे. संसारात सगळेच तोंडावर बोलून कसे चालेल? भांडण टाळू नये काय? रोगी अंथरुणावर असता त्याच्या व्यंगाचा विषय टाळू नये काय? अवश्य टाळावा. भांडणाचा विषय टाळताना मी समोरच्या माणसाला टाळीत नाही. उलट त्याच्यापाशी बसता यावे म्हणूनच विषय बाजूस ठेवतो. रोग्यापाशी गप्प राहणारा त्याच्या उशाशी तर असतो! ऋणको सावकाराला टाळतो तेही मी फार दोषास्पद मानीत नाही. दुर्बळाचे ते शेवटचे आडोशाचे झुडूप आहे. ज्याच्या हाती देणे अगर न देणे आहे, ज्याच्या होकार-नकारावर दुसऱ्याचा पुढला दिवस अवलंबून आहे, त्याचे टाळणे निराळे.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. विहित कर्म मोहाने सोडणे हा तामस त्याग. त्यात शरीराला क्लेश होतील या भयाने ते सोडणे हा राजस त्याग, आणि अशा त्यागाचे फळ मिळत नाही असा निर्वाळा आहे. फळाची आसक्ती सोडून कर्म मात्र करीत राहणे हा सात्त्विक. नीट पाहिले तर अर्जुनाच्या सगळ्या प्रश्नाचे मूळ येथेच आहे. रथ मध्यभागी उभा करून तो जे बोलला ते वैराग्याच्या भाषेत बोलला. श्रीकृष्णाला त्यात टाळणे दिसले. आपण टाळतो तेव्हा फार क्वचित 'मी टाळतो आहे' असे स्वतःशी म्हणतो. आपण म्हणतो, मला वाद नको आहे. मला मनःशांती हवी आहे. त्यालाच वाईट वाटेल म्हणून मी बोलत नाही. टाळण्याला त्यागाचे वस्त्र फार चटकन बसते. मीही माडीवर बसून स्वतःला हेच समजावीत होतो, की तोंडावर नाही म्हटले तर बिचाऱ्याचा अपमान होईल.

एका माणसाचे जे, ते समाजाचेही. आपल्या समाजाने माणसांच्या मोठ्या वर्गांना पिढ्यान्‌पिढ्या टाळले. त्यांचा स्पर्श, त्यांची सावली, त्यांचा पाणवठा टाळला आणि त्या टाळण्याला सोवळे हे पवित्र नाव दिले. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा त्या टाळण्याला समोरासमोर उत्तर द्यावे लागले. जातपंचायतींनी कुटुंबे वाळीत टाकण्याचा प्रकार तर आपल्या काळापर्यंत चालत आला. त्याविरुद्ध महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली कायदा संमत केला आणि तो २०१७ पासून अंमलात आला. वाळीत टाकलेल्या मनुष्यास कोणी मारीत नाही, शिवी देत नाही. त्याच्याशी फक्त कोणी बोलत नाही. तो दारावरून गेला तरी खिडक्या लोटून घेतल्या जातात. हे एवढे निःशब्द कृत्य अपराध म्हणून कायद्यात लिहावे लागले, यावरून टाळण्याची इजा केवढी असते ते ध्यानात यावे. कचेऱ्यांतील टोलवाटोलवीही याच जातीची. 'तुमचा अर्ज नामंजूर' असे ज्याला कोणी सांगत नाही आणि 'पुढल्या आठवड्यात या' असेच जो महिनोन्‌महिने ऐकतो, तोही एका मोठ्या ओट्यावर बसलेला माणूस आहे.

म्हणून मला आता दोन साधे प्रश्न पुरेसे वाटतात. मी जे टाळतो आहे ती वस्तू आहे की माणूस? आणि माणूस असेल, तर मी त्याला टाळतो आहे हे त्याच्यापाशी बोलून दाखविता येईल काय? लोणचे, घाट, खारे पाणी यांची गोष्ट पहिल्याच प्रश्नाशी संपते. दुसऱ्या प्रश्नाला 'होय' असे उत्तर आले, तर त्या टाळण्याला आपल्या भाषेत चांगले, उघडे शब्द आहेत: नकार, पथ्य, वर्ज्य, संबंध सोडणे. 'नाही' असे उत्तर आले, तर कोणी तरी कोठे तरी आपल्यासाठी ताटकळत बसलेले आहे असे खुशाल समजावे.

त्या रात्री हसू का राहिले नाही ते आता वाचकांच्या लक्षात आले असेल. दुसऱ्या दिवशी मी मुलीला त्या जून महिन्यातील सकाळीविषयी विचारले. मला वाटले होते ती विसरली असेल. ती म्हणाली, "काकांनी दोन वेळा पाणी मागितलं होतं, बाबा. दुसऱ्यांदा द्यायला गेले तेव्हा मी त्यांच्याकडे बघितलंच नाही." आम्ही दोघेही थोडा वेळ काही बोललो नाही. मग मी तिला शेगाव स्टेशनवरील गोष्ट सांगितली, बैलजोडीसुद्धा. मैत्रिणीचा विषय मी काढला नाही. तो काढण्याचा अधिकार मला आहे असे वाटले नाही.

आठवड्याभराने तिने आपण होऊन आईला सांगितले, की मैत्रिणीशी बोलणे झाले. समेट झाला नाही. आपल्याला ही मैत्री पुढे चालविणे जमणार नाही, एवढेच ती स्पष्ट सांगून आली. मैत्रीण रडली, हीही रडली. घरी आल्यावर ती पोटभर जेवली. मी मात्र अजून त्या खारपाणपट्ट्यातील गावी गेलेलो नाही. या पेरणीपूर्वी जाणार आहे. आता देण्यासारखे काही उरलेले नाही हे मला ठाऊक आहे. पण तो चार तास माझ्या ओट्यावर बसला होता, मला त्याच्या ओट्यावर निदान थोडा वेळ बसले पाहिजे.